सोलट्याची कातडी

बाबांच्या उशीचा अभ्रा कितीही धुतला तरी पिवळाच राहायचा. हळदीसारखा पिवळा नव्हे. त्यात एक हिरवट झाक असायची आणि डोकं टेकण्याच्या जागी ती गडद व्हायची. बाबा डोंबिवलीत मानपाड्याच्या पुढे एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. रंग म्हणजे भिंतीला द्यायचा नव्हे, कापडाला लागतो तो. त्याची भुकटी त्यांच्या घामात उतरलेली असायची. ते आंघोळीला बसले की मोरीतून कधी गुलाबी, कधी जांभळं पाणी वाहत जायचं आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची, "आज कुठला काढला?" बाबा आतून रंगाचं नाव सांगायचे आणि दोघं हसायची. मला कधीच हसू आलं नाही. त्यांच्यानंतर मोरीत पाय ठेवायच्या आधी मी दोन बादल्या पाणी ओतायचे. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली आहेत, तेव्हा आता लिहायचंच तर सरळ लिहिते. मला माझ्या वडिलांची किळस यायची.

त्यातही त्यांच्या उजव्या हाताची. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी जाड होऊन तिला भेगा पडलेल्या होत्या, दुष्काळी तळ्याच्या तळाला पडतात तशा, आणि भेगांच्या आत ओलं असायचं. कधी कडेने खपली धरायची, कधी त्यातून पाणी यायचं. अंगठ्याचं नख उभं चिरलेलं होतं आणि तपकिरी झालेलं. कंपनीच्या दवाखान्यातून एक पांढरं मलम मिळायचं, त्यावर आई कडुलिंबाचा पाला वाटून बांधायची, आणि त्या मलमाचा, पाल्याचा आणि रंगाचा मिळून जो एक वास आमच्या दोन खोल्यांत भरून राहायचा तो मला आजही, अगदी नीटनेटक्या माणसांच्या घरात बसलेली असतानासुद्धा, अचानक येतो. बाबांना जेवताना भाकरी कुस्करून आमटीत कालवायची सवय होती. त्यांची बोटं त्या आमटीत बुडाली की मी ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसायचे. "उजेडात बरं वाटतं," असं सांगायचे. रात्रीसुद्धा सांगायचे. दोघांनी कधी काही विचारलं नाही.

गेम माझ्याकडे आणला तेजसने. तेजस माझ्या कॉलेजातला, विठ्ठलवाडीला राहणारा, डोळे बारीक करून बोलणारा आणि चांगलं काही दिसलं की "खतरनाक" म्हणणारा पोरगा. तो जुना गेम होता, आमच्या लहानपणी कधीतरी परदेशात निघालेला. एका बेटावर एक बंद पडलेलं क्षयरोग्यांचं इस्पितळ, त्यात हरवलेल्या बहिणीला शोधायला गेलेली एक बाई, हातात टॉर्च आणि मोजून सात-आठ गोळ्या. बाकी नुसते लांबलचक व्हरांडे आणि त्या व्हरांड्यांतून काहीतरी ओढत नेल्याचा आवाज. मी पहिल्यांदा तो घरच्या कॉम्प्युटरवर खेळले ती दुपार होती, शेजारच्यांचा रेडिओ लागलेला होता, आई गहू निवडत होती, आणि तरी मी पाय खुर्चीवर घेऊन बसलेले. पण जुनेपणामुळे त्यातली चित्रं फार धूसर होती. भिंतीवरची बुरशी म्हणजे हिरवे चौकोन, रक्त म्हणजे तपकिरी डाग. जवळ गेलं की सगळं विरघळल्यासारखं दिसायचं.

तेजसने मग सांगितलं की जगभरच्या पंधरा-वीस चाहत्यांनी मिळून हा गेम नव्याने सजवायला घेतलाय. म्हणजे गोष्ट तीच, आवाज तेच, पण प्रत्येक भिंत, प्रत्येक दार, प्रत्येक प्राण्याची कातडी नवीन आणि बारीक रेखलेली. गेमच्या फोल्डरमध्ये ही सगळी चित्रं सुट्या फायली म्हणून असतात. जुनी काढून त्याच मापात बसणारी नवी ठेवली की झालं. गेम काढणाऱ्या कंपनीने सांगितलेलं नव्हतं, कुणाला त्याचे पैसे मिळणार नव्हते. नुसतं प्रेम. "मेघे, तू फोटोंवर काम करतेस ना, तू ये," तेजस म्हणाला. "त्यांना चांगल्या घाणीची गरज आहे."

त्याचे हे शब्द मी विसरलेले नाही. चांगली घाण. आणि ती मला जमली. मामाने माझ्या ताईच्या लग्नासाठी घेतलेला डिजिटल कॅमेरा आमच्याकडे राहिलेला होता. तो घेऊन मी डोंबिवली-कल्याणभर फिरले. फोटो काढायचा नियम साधा होता: ऊन थेट नको, सावली नको, कॅमेरा अगदी समोर धरायचा, म्हणजे नंतर तुकडे एकमेकांना जोडताना शिवण दिसत नाही. कंपन्यांच्या मागच्या नाल्यावर साय धरते, तिच्यावर बुडबुडे येऊन फुटतात आणि त्यांच्या कडा सुकून राहतात, त्याचे फोटो मी काढले. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा गंज, जिन्याच्या कोपऱ्यातल्या पानाच्या पिचकाऱ्या, मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांचा गोळा. एका रविवारी आई वजडी साफ करत बसलेली. बोकडाचं पोट असतं ते, आतून टॉवेलासारखं लव असलेलं, आणि ते गरम पाण्यात घालून सुरीने खरवडायचं असतं. बाबांना वजडी प्राणापलीकडे आवडायची. मी परातीवर कॅमेरा धरून उभी राहिले तेव्हा आई म्हणाली, "शी, ह्याचे फोटो कसले काढतेस? बस आणि हात लाव जरा." मी हात लावला नाही. पण ती वजडी इस्पितळाच्या तळघराच्या भिंती झाली, आणि ती भिंत पाहून एका पोर्तुगीज बाईने लिहिलं की तिला जेवण गेलं नाही. मी ते वाक्य चार वेळा वाचलं.

आता कळतं की मला त्या कामात काय मिळत होतं. घरात ज्याच्याकडे बघवत नव्हतं, त्याच्याकडे कॅमेऱ्यातून तासन्‌तास बघता येत होतं. शिसारी ही माझी लाजिरवाणी गोष्ट होती. तिकडे तिला कला म्हणत होते. तेव्हा हे कळत असतं तर मी थांबले असते, असं मात्र मी म्हणणार नाही.

गेममध्ये शेवटच्या मजल्यावर एक प्राणी येतो. माणसाएवढाच, वाकलेला, हात जमिनीपर्यंत लोंबणारे. मघाशी म्हटलं तो ओढत नेल्याचा आवाज त्याच्या हातांचा असतो. तेजसने त्याचं नाव ठेवलं होतं 'सोलट्या'. जुन्या गेममध्ये तो नुसता एक मातकट डाग होता. त्याची कातडी करायचं काम सगळ्यांनी टाळलेलं. गटाचा म्होरक्या कॅनडातला एक माणूस होता, स्वतःला 'वॉर्डन' म्हणवणारा. त्याने लिहिलं, ज्या मुलीने वजडीची भिंत केली तिलाच हे द्या. मी आधी हत्तीच्या कातडीचे फोटो घेऊन बघितले, मग फणसाच्या सालीचे, मग सुकलेल्या बोंबलांचे. सगळं खोटं वाटायचं. वॉर्डन म्हणायचा, सुंदर आहे, पण जिवंत नाही.

बाबांची तेव्हा तिसरी पाळी चालू होती. सकाळी ते घरी यायचे, चहा-पोळी खायचे आणि दुपारी चारपर्यंत झोपायचे. खिडकीखालच्या पलंगावर, उताणे, उजवा हात बाहेर टाकून. आई भाजी आणायला गेलेली. खिडकीला जुन्या साडीचा पडदा होता आणि त्यातून गाळून येणारा उजेड हातावर पडलेला, सगळीकडे सारखा, कुठे सावली नाही. मी दारात उभी राहून तो हात बघितला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: प्रकाश किती छान आहे. मग मी कॅमेरा आणला. जवळ गेले. इतक्या जवळ मी त्या हाताच्या कित्येक वर्षांत गेले नव्हते. श्वास रोखून, वास येऊ नये म्हणून तोंडाने घेत, मी चौतीस फोटो काढले. मनगट, कोपर, भेगा, नख. एकदा हात जरासा वळवायला हवा होता म्हणून मी त्यांना हात न लावता चादर ओढली, आणि तो वळला. बाबा झोपेत काहीतरी पुटपुटले. मी थांबले, आणि ते पुन्हा घोरायला लागल्यावर पुढचा काढला.

सोलट्या आठ दिवसांत तयार झाला. मी लाल रंग वाढवला, भेगा खोल केल्या, खपल्यांवर ओलसर चकाकी दिली. पण नख तसंच ठेवलं, कारण त्याच्यात बदल करण्यासारखं काही नव्हतं. वॉर्डनने फक्त दोन शब्द लिहिले: देवा रे. सगळं काम बाहेर पडलं त्या आठवड्यात तेजस कॉलेजच्या कँटीनमध्ये धावत आला. "मेघे, खतरनाक! लोक वेडे झालेत. फोरमवर फक्त सोलट्यावर बोलायला वेगळा धागा काढलाय." त्या धाग्यावर लोक लिहीत होते. आजवर बघितलेली सगळ्यात घाणेरडी गोष्ट. हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल? मला स्क्रीनला हात लावायला नको वाटतो. ओकारी आली. एकाने त्या हाताचा तुकडा कापून स्वतःच्या नावाशेजारी चित्र म्हणून लावला. मी रोज संध्याकाळी ते वाचत बसायचे, आणि माझ्या पाठीमागे, सहा फुटांवर, तो हात डबा भरून घेत असायचा.

मग एक उत्तर आलं. लिहिणारा तुर्कस्तानातला होता, इंग्रजी मोडकंतोडकं. त्याने लिहिलं होतं: 'हा राक्षस नाही. माझे वडील चामडं कमावायच्या कारखान्यात होते, त्यांचा हात असाच होता. हे रसायनाने होतं. ज्याने फोटो काढला त्याला सांगा, हा माणूस कोण आहे ते शोधा आणि डॉक्टरकडे न्या. उशीर केला तर आत जातं.' त्याच्याखाली कुणीतरी हसण्याची चिन्हं टाकली होती आणि त्याखाली पुन्हा तेच, ओकारी, घाण, वा वा.

मी मोरीत जाऊन खरोखर ओकले. आईला वाटलं, बाहेरचं काही खाल्लं.

दुसऱ्या दिवशी मी तेजसला सांगितलं तो हात कुणाचा आहे ते. तो म्हणाला, "पण कुणाला कळणारे? काकांना पण नाही कळणार."

"काढून टाकायचंय मला ते."

"अगं, हजारो लोकांनी घेतलंय. आता कसं काढणार?"

"निदान आपल्या पानावरून तरी."

त्याने माझ्या बाजूने वॉर्डनला लिहिलं, तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे. वॉर्डनचं उत्तर सभ्य होतं. त्याला वाईट वाटलं होतं, वडिलांना बरं वाटो असं त्याने लिहिलं होतं, आणि सोलट्या हाच सगळ्या कामाचा प्राण असल्याने तो काढता येणार नाही, असंही. मी रबरासारखी एक दुसरी कातडी करून पाठवली. ती कुणी वापरली नाही. अजूनही तो गेम त्या सजावटीसकट फिरतो आहे. मध्ये कुणीतरी यंत्राकडून सगळी चित्रं आणखी मोठी आणि स्पष्ट करून घेतली म्हणे. मी बघितलेली नाहीत.

डॉक्टरकडे जायला बाबा तयार नव्हते. "मलम आहे की," म्हणायचे. शेवटी ते गावी चुलत्याच्या वर्षश्राद्धाला पंधरा दिवस जाऊन आले, आल्यावर अजून सुटी होती, तेव्हा मी हट्ट धरून त्यांना ठाण्याला नेलं. खोपटच्या एसटी डेपोजवळ एका वयस्कर बाईंचा त्वचेचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई शांत, पुणेरी बोलणाऱ्या. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हात उलटापालटा केला. गावच्या हवेत भेगा बुजत आलेल्या, खपल्या गळून खाली गुलाबी कातडी दिसत होती.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"झाले असतील चार-पाच महिने," बाबा म्हणाले. मी सहावीत होते तेव्हापासून तो हात तसा होता.

"आता तर बरं दिसतंय. कामावर असताना कसं असतं?"

"थोडी खाज येते. बाकी काही नाही."

"हे बघा, मला कंपनीला पत्र द्यायचं तर नीट बघायला हवं. सुटीत कमी आणि कामावर जास्त, असं असेल तर ते कामामुळे आहे. पण मी आज जे बघतेय तेवढ्यावर ते कसं लिहू? पुन्हा वाढलं की या."

बाबा लगेच उठले. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असणार. पुन्हा वाढल्यावर ते येणार नव्हते, हे मला माहीत होतं. कॅमेरा माझ्या पिशवीत होता. मी तो मुद्दाम आणलेला, आणि काढावा लागू नये म्हणून येताना रस्ताभर देवाला विनवत होते.

"माझ्याकडे फोटो आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कॅमेरा हातात घेतला आणि एकेक फोटो मोठा करत बघितला. चौतीसच्या चौतीस. खोलीत पंखा फिरत होता आणि बटणाची टिक् टिक् ऐकू येत होती. त्यांचा चेहरा बदलत गेला. "अरे बाप रे," त्या हळू म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे बघून, अगदी मनापासून, "फार चांगले काढलेस गं फोटो. सावली कुठेच नाही. आमच्या विद्यार्थ्यांनासुद्धा असे काढता येत नाहीत."

बाबांनी कॅमेरा मागून घेतला. त्यांनीही बघितले, पण तीन-चारच. चौथ्यावर थांबले. त्यात हाताच्या मागे उशीचा कोपरा आणि त्यांचं अर्धवट उघडं तोंड आलेलं.

"झोपलो होतो मी," ते म्हणाले. डॉक्टरांना नाही, मला नाही, कॅमेऱ्याला.

ते पत्र मिळालं. कंपनीने ते बरेच महिने दाबून ठेवलं आणि मग बाबांना भुकटीपासून दूर, गोदामात टाकलं. हात पुष्कळ सुधारला. नख कधीच नाही. आई पुढे शेजारणींना सांगायची, मेघाच्या फोटोंमुळे यांचा हात वाचला. ती हे सांगायला लागली की मी खोलीतून उठून जायचे, आणि लोकांना वाटायचं मी लाजते.

पण त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बाबा डेपोच्या फाटकापर्यंत माझ्या पुढे चालत गेले. तिथे थांबून म्हणाले, "फोटो डॉक्टरसाठी काढले नव्हतेस."

"नाही."

"मग?"

"गेमसाठी. कॉम्प्युटरवरच्या."

"दाखव मला."

मी त्यांना दाखवला तो त्यांच्या सुटीनंतरचा पहिला दिवस होता, दुसऱ्या पाळीला निघायच्या आधी. आई मेथी निवडत होती, तीही काय बघताय म्हणून मागे येऊन उभी राहिली. मी शेवटच्या मजल्यावरून गेम सुरू केला. व्हरांडा, टॉर्चचा गोल, आणि दुरून तो ओढत येणारा आवाज. सोलट्या कोपऱ्यावरून वळला. आईला आधी काही कळलं नाही. मग त्याचा हात टॉर्चच्या उजेडात आला आणि तिच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली.

"हे यांचं नख आहे," आई म्हणाली. "मेघे, हा यांचा हात आहे." आणि मग वेगळ्याच आवाजात, "बापाचा हात भुताला लावलास? तुला किळस नाही वाटली?"

"थांब गं," बाबा तिला म्हणाले. मला विचारलं, "किती लोक बघतात हे?"

"पुष्कळ. सगळीकडचे."

"काय म्हणतात?"

"घाबरतात," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं, आणि ते कळल्याचं मला. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला. "मारायचं कसं याला?"

"मारायचं नसतं बाबा. गोळ्या पुरत नाहीत. पळायचं असतं. हा बाण दाबा, मागे दार आहे."

बाबांनी बाणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. सोलट्या जवळ येत होता. हात फरशीवर घासत, भेगा चकाकत.

"पळा ना बाबा! मागचा बाण!"

"थांब," ते म्हणाले आणि पुढे वाकले. "जवळून बघू दे."

तो आला. त्याने हात वर केला आणि क्षणभर अख्ख्या पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं, फक्त ती कातडी, एकेक रंध्र, एकेक खपली, मी घातलेली ती लाल ओलसर चमक. आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी नाही फिरवलं. पडदा काळा झाला. बाबा काही वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले, मग शर्टाची बाही बोटांच्या टोकांपर्यंत ओढून घेत उठले. बाहेर कंपनीचा भोंगा झाला, आणि ते डबा घेऊन कामावर गेले.